चार गाठींचं माप

"माऊस लांब पडतोय तुमचा."

शेफालीने मान वर केली. तिच्या टायपिंगच्या दुकानाच्या पत्र्याखाली, तिच्याकडे पाठ करून, एक निळा रेनकोट उभा होता. भाद्रपदातला पाऊस – गेला गेला म्हणेपर्यंत परत येणारा. वेल्ह्याच्या कचेरीसमोर अशा वेळी कुणीही कुणाच्याही पत्र्याखाली उभं राहतं, त्याचं नवल नव्हतं. नवल याचं होतं, की या माणसाने आत एकदाही पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकू आलं." रेनकोट अजून रस्त्याकडेच बघत होता. "तडतड तडतड… मग शांत. मग तुमी श्वास आत ओढता. मग परत तडतड. धा मिन्टं ऐकतोय. शांत झालं की हात माऊसकडं जातो, आन् गेला की दुखतो… व्हय का न्हाई?"

ही गोष्ट शेफालीने कुणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, दिलावरचाचांना तर नाहीच नाही. उजव्या खांद्यातून निघून मनगटापर्यंत जाणारी ती कळ तिने चार महिने ओढणीखाली झाकून ठेवली होती. आणि हा कोण कुठला ओलाचिंब माणूस, पाठमोरा उभा राहून तिच्या हाताची तक्रार वाचून दाखवत होता.

"व्हय का न्हाई ते नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी आत या. पाठीशी बोलायची मला सवय नाही."

तो वळला. भुवयांवरून पाणी निथळत होतं आणि रेनकोटच्या आत त्याने एक पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी धरली होती. पिशवीत पेचकस होते, वायरी होत्या आणि एक कोरडी वही. नाव अमृत, गाव किकवी. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांचे आणि सोसायट्यांचे संगणक तो दुरुस्त करायचा. वडील सुतार होते. ते गेल्यावर रंधा आणि पटाशी त्याने विकली नव्हती. रविवारी हात चालवायचा. एवढी माहिती त्याने टॉवेल मागायच्या आधी दिली, आणि टॉवेल मागितलाच नाही. वही काढली.

*

वहीतलं पान

टेबल जमिनीपासून – तीस इंच.
कीबोर्ड – लांबी अठरा, जाडी दीड. जड. आकड्यांचा भाग उजवीकडं.
माऊस – आकड्यांच्या पलीकडं. म्हणजे हात जवळजवळ शेजारच्या दुकानात.
उपाय एक – आकडे नसलेला लहान कीबोर्ड घ्या.
मालकीण – नाही.
उपाय दोन – विचार करून सांगतो.

*

का नाही, ते शेफालीने त्या दिवशी सांगितलं नाही. ते असं होतं.

दिलावरचाचा भोरचे. तीस वर्षं ते यष्टीने वेल्ह्याला येत आणि कचेरीसमोर टाईपरायटर मांडून लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाची कागदं टाईप करत. टाईपरायटर गेला, संगणक आला, तेव्हा चाचांनी हा कीबोर्ड घेतला – जड, दणकट, प्रत्येक कळीला आवाज असलेला. दुसरा कुठलाही दाबला की त्यांना भाकरीच्या पिठात बोट घातल्यासारखं वाटायचं.

बारावी झालेली शेफाली विंझरहून त्यांच्याकडे शिकायला आली, तेव्हा घरी संगणक असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून शनिवारी संध्याकाळी चाचा कीबोर्डची वायर काढून तो तिच्या पिशवीत घालायचे. "सोमवारी आण," एवढंच म्हणायचे. घरी ती जमिनीवर मांडी घालून, जेवणाच्या पाटावर तो कीबोर्ड ठेवून, कशालाही न जोडलेल्या कळा दाबत बसायची. काय उमटतंय ते दिसत नसे. मनात उमटायचं. आई रतनबाई म्हणायची, ही पोरगी पाटाशी बोलते.

असं वर्षभर. मग चाचांचे गुडघे यष्टीची पायरी चढेनात, आणि एका सोमवारी त्यांनी दुकानाची किल्लीच त्या पिशवीत घातली. कीबोर्डवरची अक्षरं तोवर पार पुसली गेली होती. शेफालीला त्यांची गरज नव्हती. बोटांना घराची वाट माहीत होती… फक्त माऊस तेवढा परक्या गावात होता.

हात दुखतो असं बोललं तर काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आई म्हणणार, पुरे झालं दुकान. आणि कचेरीसमोरची ती जागा महिनाभर बंद दिसली, की दुसरं कुणी तरी तिथे आपली पाटी लावणार. हात गेला तर दुकान जाणार होतं, आणि दुकान गेलं तर शेफाली परत नुसती चिमाजीची मुलगी होणार होती – जिला बघायला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी येतं आणि कळवतो म्हणून जातं.

*

पुढच्या गुरुवारी उपाय दोन आला. नवा कोरा, डबीतून.

मुठीएवढी काळी बैठक आणि तिच्यात बसवलेला लाल गोळा. हा माऊस सरकवायचा नाही, अमृतने समजावलं. तो जागेवरच राहतो. गोळा बोटाने फिरवायचा, की पडद्यावरचा बाण पळतो. हात कुठेही जात नाही.

त्या दिवशी दिलावरचाचा आले होते. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी गाडीतून, ते दुकान बघायला यायचे. त्यांनी चष्मा वर करून वस्तूकडे पाहिलं. "हे तर लिंबू बसवलंय डबीत," ते म्हणाले. "पिळून बघ पोरी, पाणी निगतंय का."

शेफालीने गोळ्याला बोट लावलं आणि बाण पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला असा धावला, की एका म्हाताऱ्याचा रेशनकार्डाचा अर्ज बंद होऊन गेला. म्हातारा समोरच बसला होता. त्याने बिडी विझवली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली, नातवंडांच्या नावांसकट.

अमृतने बाणाचा वेग कमी केला. मग आणखी कमी. "आता?"

"आता बैलगाडी."

"आता?"

"…आता यष्टी."

"यष्टी चालंल?"

"वेळेवर येत असली तर," शेफाली म्हणाली, आणि अमृत जरा जास्तच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

वेग जुळला, जागा जुळेना. गोळा उजवीकडे ठेवला तर आकड्यांच्या पलीकडेच गेला, म्हणजे दुखणं जिथल्या तिथे. डावीकडे ठेवला तर डावा हात रुसला. कीबोर्डच्या पुढे, मधोमध, मोठ्या आडव्या कळीच्या खाली ठेवला – ती जागा बरोबर होती, अंगठा आपोआप पोचत होता. पण कीबोर्ड उंच, गोळा बुटका आणि तळहात दोघांच्या मधल्या खड्ड्यात. मनगट वाकायचं.

"फळी लागंल," अमृत शेवटी म्हणाला. "दोघांना धरून ठेवणारी. कीबोर्ड जरा खाली, गोळा जरा वर. घरी आंब्याची चांगली फळी हाय. बसा, माप घेतो."

शेफाली बसली.

आता इथे काय झालं ते नीट सांगायला हवं. चाचांची खुर्ची जुनी, रुंद, बिनहाताची. त्या खुर्चीवर शेफाली एरवी कशी बसायची ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. दाराकडून टेबलाची फळी आड यायची. पण समोर एक तरुण माणूस टेप घेऊन गुडघ्यावर बसलेला. ती बसली ती पाय खाली, गुडघे जुळवून, पाठ सरळ. बघायला पाहुणे आले की बसायची, अगदी तशी. अमृत टेप धरत होता आणि ती श्वाससुद्धा मापात घेत होती.

*

वहीतलं पान

बैठक ते कोपर – नऊ इंच.
कोपर ते टेबलाची कड – दोन.
पाठ – ताठ. (फारच ताठ.)
नखावर शाईचा डाग. डाव्या हाताला. हे माप न्हाई, असंच.

*

फळी आली. मधासारख्या रंगाची, कडा गोल केलेल्या, गोळ्यासाठी मधोमध वाटीसारखी कोरलेली जागा. तिला आंब्याच्या लाकडाचा गोडसर वास येत होता. शेफालीने तिच्यावरून हात फिरवला, आणि तो फिरवताना तिला काही तरी झालं. जन्मात कुणी तिच्या मापाचं काही बनवलं नव्हतं. कपडे मामेबहिणीचे, खुर्ची चाचांची, शाळेचा बाक तर सगळ्यांचाच.

"कशी हाय?" अमृतने विचारलं.

"छान," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी दुपारी मनगट दुखायला लागलं. खांद्यातून नव्हे, आता नवीनच ठिकाणाहून. फळी तिच्या बोटांपासून लांब होती आणि खूप उंच होती. पण दर गुरुवारी निळा रेनकोट पत्र्याखाली यायचा, आणि विचारायचा. "कसं चाललंय?" आणि शेफाली म्हणायची, छान. एवढं रंधून, घासून, तेल पाजून आणलेल्या फळीला दुखतंय कसं म्हणायचं? ती "छान" म्हणायची, मग त्याच्यासाठी चहा मागवायची, मग तो शाळेतल्या बिघडलेल्या संगणकांच्या गोष्टी सांगायचा – पाली गावच्या एका संगणकात पालीनेच संसार थाटला होता – आणि ती हसायची. तो गेला की मनगट ओढणीत गुंडाळायची.

असे तीन गुरुवार गेले. चौथ्या आठवड्यात, सकाळी विंझरच्या थांब्यावर, जेवणाचा डबा तिच्या हातातून सुटला. भाजी रस्त्यावर, आणि बोटं बधिर. त्याच दिवशी डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, काम करायची पद्धत बदला, नाही तर दोन महिने दुकान बंद ठेवा. आत्ता ऐकलं नाहीत तर दोन महिन्यांवर भागायचं नाही.

संध्याकाळी तिने चाचांना फोन केला. किल्ली परत पाठवते म्हणाली.

"नवमी होऊ दे," चाचा म्हणाले. "पूजा कर, मंग पाठव."

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची पटाशी, ड्रायव्हरचा टेम्पो, सगळ्यांना त्या दिवशी झेंडू आणि विश्रांती. चाचांचा टाईपरायटरसुद्धा दर वर्षी या दिवशी माळ घालून बसायचा. शेजारचे दुकानदार घालायचे, आणि चाचा म्हणायचे, त्याला बी वर्सातून एक दिस सुट्टी पायजे.

शेफालीने दुकान झाडलं. कीबोर्डच्या फटींतून धूळ काढली, त्याला हळद-कुंकू लावलं, माळ घातली. लाल गोळ्यावर एक फूल ठेवलं. ते सारखं घसरत होतं. फळीलाही कुंकू लावलं. मग वीज बंद असलेल्या त्या शांत दुकानात ती खुर्चीवर बसली, आणि तिला रडू आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. तिने चपला काढल्या. पाय वर घेतले, मांडी घातली. टेबलावरचा कीबोर्ड माळेसकट उचलून मांडीवर घेतला, वायर काढून खाली लोंबत सोडली, आणि डोळे मिटून टाईप करायला लागली. काम नव्हतं हे. कुठे काही उमटणार नव्हतं. विंझरच्या घरातला पाट आठवला. बोटं चालली… चालत राहिली… आणि काही तरी चुकल्यासारखं वाटून ती थांबली.

दुखत नव्हतं.

"उतरू नका."

दारात अमृत उभा होता. रेनकोट नव्हता, डोक्याला सणाची टोपी होती आणि हातात आपट्याची दोन पानं. शेफालीचा एक पाय अर्धा खाली गेलाच होता.

"पाय खाली सोडू नका," तो पुन्हा म्हणाला. अगदी हळू – झाडावरच्या पाखराशी बोलावं तसं. "शेफाली… तुमी रोज अशा बसता?"

त्याने नाव पहिल्यांदा घेतलं होतं. "कुणी नसलं की," ती म्हणाली.

"आन् मी होतो तवा?"

"तेव्हा तुम्ही होतात ना."

अमृत बाकावर टेकला. टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. "म्हंजे मी ज्या बाईचं माप घेतलं," तो म्हणाला, "ती हितं कामाला येतच न्हाई."

शेफाली हसली, आणि हसता हसता जे मघाशी आलं नव्हतं ते रडू आलं. मग तिने सगळं सांगितलं. मनगट, डबा, डॉक्टर, किल्ली. पहिल्या दिवसापासून दुखत होतं, हेही.

"मंग छान का म्हणत होता?"

"तुम्ही एवढं प्रेमा–" ती अडखळली. "एवढं मनापासून केलंत. माझ्या हातासाठी कधी कुणी काही केलं नव्हतं. त्याला नावं ठेवायला जीभ वळेना."

अमृतने वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांनी एका पाहुण्याला खुर्ची करून दिली होती, आणि तो भिडेखातर चार वर्षं तिच्यात वाकडा बसला. कळलं तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते.

"उपकार मानायचे तर दुखतंय म्हणून सांगून माना," तो म्हणाला. "छान म्हणलं की सुताराचं काम थांबतं. मला थांबायचं न्हाई."

बाहेर उन्हात पावसाचे चार थेंब पडून गेले. अमृतने खिसे चाचपले आणि चेहरा पाडला. टेप घरी होता, पूजेत, कुंकू लावलेला. आज त्याला हात लावायचा नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग कीबोर्डवरच्या माळेकडे.

"ह्याचा दोरा घेऊ?"

झेंडूची फुलं एकेक करून टेबलावर उतरली. रिकाम्या दोऱ्याचं एक टोक त्याने शेफालीच्या हातात दिलं. ते तिने बैठकीपाशी धरलं, दुसरं त्याने तिच्या कोपराच्या उंचीला ताणलं, आणि एक गाठ मारली. मग कोपर ते बोटांची टोकं. मग बोटं ते गुडघा. तो तिला कुठेही शिवला नाही. पण दोरा ताणलेला असला की एका टोकाची थरथर दुसऱ्या टोकाला कळते, आणि दोघंही ती कळली नाही असं दाखवत होते.

"आता अंगठा," तो म्हणाला. "आडव्या कळीपासून सहज खाली कुठवर येतो?… ताणू नका. जिथं त्याला बरं वाटतंय तिथं." चौथी गाठ.

दोरा गुंडाळताना त्याने विचारलं, "मघाशी डोळे मिटून काय लिहीत होता?"

"तुम्हालाच लिहीत होते. फळी दुखते म्हणून."

"एवढंच? मी तर लई वेळ उभा होतो."

"पुढचं पुसलं."

"वायर तर लोंबतीय. पुसलं कशानं?"

"मनातल्या मनात लिहिलेलं मनातल्या मनात पुसता येतं," शेफाली म्हणाली, आणि आपट्याची पानं त्याच्या हातातून काढून घेतली. "हे सोनं उद्या द्यायचं असतं. आजच आणलंत?"

"उद्यापर्यंत… म्हणलं, लांब पडतंय."

*

वहीतलं पान

या पानावर आकडे नाहीत. एक दोरा चिकटवलेला आहे, चार गाठींचा. त्याला हळदीचा डाग आहे आणि झेंडूचा वास.

*

दसऱ्याला हत्यारं पुन्हा हातात आली आणि कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुसरी फळी आली. ही टेबलावर मावतच नव्हती, आणि तीच तिची खुबी होती. टेबलाच्या कडेला दोन खिळींनी अडकायची आणि सात इंच पुढे यायची, शेफालीच्या मांडीच्या वर, गुडघ्यांना अलगद झाकून. जसा काही कुणी विंझरचा पाट हवेत धरून ठेवला होता. कीबोर्ड तिच्यात बोटभर खाली रुतलेला. गोळा मधोमध, अंगठ्याच्या वाटेवर, जरासा तिच्याकडे कललेला.

शेफालीने चपला काढल्या. अमृतसमोर, भर दुपारी, मांडी घातली. हात ठेवले.

दमून घरी आलेलं माणूस जसं उंबऱ्याशी विसावतं, तसे हात विसावले. बोटं कळांवर, अंगठा खाली सोडला की गोळ्यावर. बाण निघाला, हवा तिथे थांबला. श्वास आत ओढायची वेळ आली आणि गेली.

"खरं सांगायचं," अमृतने बजावलं.

"डावा कोपरा जरा टोचतो. मनगटाच्या खाली."

त्याचा चेहरा फुलला. पिशवीतून काचकागद काढून त्याने तो कोपरा तिथेच घासला. तिने बोट लावून पाहिलं. त्याने आणखी घासला. दुखणं काही एका दिवसात जाणार नव्हतं. डॉक्टरांनी रोज दोनच तास परवानगी दिली, मग चार. पण दुकान उघडं होतं. पाटी जागेवर होती. किल्ली चाचांकडे गेली नव्हती; चाचांचाच फोन आला होता, आणि फोनवर त्यांना काही ऐकायचं नव्हतं, फक्त कळांचा आवाज हवा होता. शेफालीने मोबाईल फळीवर ठेवून एक अख्खं पान टाईप केलं. पलीकडून आवाज आला, "मधी थांबत न्हाईस आता. बरं झालं पोरी." ज्याने शनिवारी स्वतःचा कीबोर्ड दुसऱ्याच्या पिशवीत घातला, त्याचे आभार कुठल्या नमुन्यात मानायचे, तो अर्ज तिला अजून येत नव्हता.

पण त्या पहिल्या दुपारी ही सगळी पुढची गोष्ट होती. त्या दुपारी अमृत काचकागद झटकत होता, आणि शेफालीने कोरं पान उघडलं.

"पुसलेलं परत आणते," ती म्हणाली. "तिकडं बघा. रस्त्याकडं. पहिल्या दिवशी बघत होता तसं."

तो पाठ करून उभा राहिला. मागे तडतड तडतड झालं. मग शांत. श्वासाचा आवाज नाही. पुन्हा तडतड. आणि मग बराच वेळ काहीच नाही, कारण शेफाली अंगठ्याने गोळा फिरवून अक्षरं मोठी करत होती. दारातूनही वाचता यावीत एवढी.

"आता वळा."

पडद्यावर लिहिलं होतं :

दोन गुरुवारांच्या मधलं अंतर फार लांब पडतंय. माप घ्या.

अमृतने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहायला पुढे आला, बोट कीबोर्डवर नेलं… आणि बोट तिथेच राहिलं. एकाही कळीवर अक्षर नव्हतं. शाळाशाळांतले संगणक उघडून जोडणारा माणूस त्या कोऱ्या कळांपुढे पहिलीतल्या पोरासारखा उभा होता. त्याने एक दाबली, दुसरी दाबली. पडद्यावर जे उमटलं त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता.

"हे काय?" शेफालीने विचारलं.

"व्हय म्हणायचं होतं."

"मग तोंडाने म्हणा की."

"व्हय," अमृत म्हणाला. मग थांबला, कान लाल झाले. "आईला घिऊन येतो. विंझरला."

*

आले. दिवाळी संपून, भात खळ्यावर आल्यावर.

रतनबाईने माजघर सारवलं होतं आणि मधोमध लोखंडी खुर्ची मांडली होती, बघायच्या मुलीची. गोधडी घातलेल्या कॉटवर अमृतची आई फुलाबाई आणि अमृत. भिंतीला टेकून चिमाजी. दाराजवळच्या खुर्चीत दिलावरचाचा, पोरीकडचे वडीलधारे म्हणून, इस्त्रीच्या शर्टात. शेफाली पोहे देऊन खुर्चीवर बसली. पाय खाली, गुडघे जुळवलेले, साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून, पाठ सरळ. आई दारातून डोळ्यांनीच आणखी सरळ करत होती.

फुलाबाईंनी विचारायचं ते विचारलं. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, दुकान पुढं चालू ठेवणार का. शेफाली उत्तरं देत होती, खालच्या मानेने, एकेका शब्दात. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटत होता. या खुर्चीत ती आधी तीनदा बसली होती आणि तिन्ही वेळा कुणी तरी दुसऱ्याच मुलीला बघून गेलं होतं.

मग कॉटवरून, पोह्यांच्या बशीत बघत, कुणालाच न उद्देशून अमृत म्हणाला,

"माप चुकतंय."

चिमाजीने त्याच्याकडे पाहिलं. फुलाबाईंनी पाहिलं. शेफालीने मात्र पाहिलं नाही. तिने डोळे मिटले. मग उजवा पाय वर घेतला. साडी सावरली. मग डावा. लोखंडी खुर्चीवर, भरल्या घरात, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तिने मांडी घातली आणि पाठ सैल सोडली.

दारात रतनबाईने कपाळावर हात मारला. चाचा खोकल्याचं निमित्त करून बाहेर बघायला लागले.

फुलाबाई त्या मांडीकडे बघत राहिल्या. बराच वेळ. इतका, की अमृतने बशी खाली ठेवली.

"दुकान चालू ठेवणार," शेफाली म्हणाली. आता आवाज तिचाच होता. "आणि मी अशीच बसते."

"बरं झालं बया तू सुरुवात केली," फुलाबाई म्हणाल्या. "मगाधरनं पाय लोंबकळून मुंग्या आल्यात." आणि लुगड्याचा घोळ आवरून त्यांनी दोन्ही पाय कॉटवर घेतले, ऐसपैस मांडी ठोकली आणि बशी पुढे केली. "आता घाला अजून पोहे. अवघडून बसलं की खाल्लेलं अंगाला लागत न्हाई."

रतनबाई पोहे आणायला वळली ती पदर तोंडाला लावून. चाचांचा खोकला आता हसण्यासारखा येत होता. अमृत शेफालीच्या हाताकडे बघत होता.

उजवा हात तिच्या मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. कुणी बघायला आलेलं असताना तो इतका निवांत आजवर कधी पडला नव्हता. आणि दुखत नव्हता.